बंद प्रणालीतून कोहाकडे: एका महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या कामाच्या नोंदी

ग्रंथालयाची जुनी बंद प्रणाली काढून तिथे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आणायचं काम हाती घेतलंय. जोडीला मूडल (ऑनलाइन अभ्यास आणि परीक्षांसाठी) आणि लिबरऑफिस (कार्यालयीन कामासाठी) यांचंही थोडं आहे. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, का, याची चर्चा इथे नाही, कारण तो निर्णय झालेला आहे. कामाचा आवाका कळावा म्हणून: सुमारे 40 हजार प्रती, त्यातल्या निम्म्याहून जास्त मराठी, एक देवघेव काउंटर, आणि संगणकाकडे पाहणारा पूर्णवेळ माणूस म्हणजे मी.

11 मार्च 2024

खर्चाच्या बैठकीत ‘परवाना शुल्क: शून्य’ ही ओळ सगळ्यांनाच आवडली. तिच्याखाली मी आणखी तीन ओळी टाकल्या होत्या: सर्व्हर, डेटा साफ करायला लागणारे मनुष्यतास, आणि बाहेरच्या जाणकारांशी वार्षिक मदतीचा करार. तिसरी ओळ तिथल्या तिथे खोडली गेली. दुसरी ‘आहेत तेच कर्मचारी करतील’ या शेऱ्यासह मंजूर झाली. असा प्रस्ताव मांडणाऱ्याने मनुष्यतासांना आकडा लावूनच बैठकीला जावं. नाहीतर ते काम फुकटात धरलं जातं आणि पुढे दर वेळी ‘अजून किती?’ हा प्रश्न ऐकावा लागतो.

चाचणीसाठी प्रयोगशाळेतून बाद झालेला चार जीबी मेमरीचा डेस्कटॉप मिळाला. त्यावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली. कोहाची तयार पॅकेजेस डेबियन आणि उबुंटूसाठीच निघतात, त्यामुळे निवडीला फारसा वाव नव्हता. तसंही, सेंटओएस 8 या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचं आयुष्य 2021 अखेरीस संपणार हे डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं तेव्हा आमचा एक सर्व्हर त्याच्यावर होता, त्यामुळे मूळ प्रणाली कोण आणि किती वर्षं सांभाळणार हे आता आधी पाहतो.

कोहा बसवणं एका दुपारचं काम. अडखळलो दोन ठिकाणी. साइटचं नाव ठरवणारी फाइल इन्स्टन्स (म्हणजे आपल्या ग्रंथालयाची कोहातली स्वतंत्र मांडणी) तयार करण्याआधी दुरुस्त करायची असते, नंतर बदललं तर अपाची या वेब सर्व्हरच्या फाइलीत हाताने शिरावं लागतं. आणि कर्मचाऱ्यांचं पान 8080 पोर्टवर ठेवलं होतं, जे आमच्या फायरवॉलने अडवलं होतं. पोर्टचा नाद सोडून दोन्ही पानांना वेगवेगळी नावं दिली. वेब इन्स्टॉलर मार्क 21 की युनिमार्क (ग्रंथनोंदी साठवायचे दोन प्रमाणित साचे) असं विचारतो, तिथे घाई करू नका. एकदा डेटा भरला की मागे फिरणं म्हणजे नव्याने सुरुवात.

20 मार्च

जुन्या प्रणालीतून डेटा बाहेर काढणं हे खरं पहिलं काम. तिथे ‘निर्यात’ नावाचं बटण आहे, पण त्यातून फक्त छापायचे अहवाल निघतात: दर पानावर शीर्षक, मध्येच पान क्रमांक, लांब नावं अर्ध्यात तुटलेली. पुरवठादाराने पूर्ण डेटा देण्यासाठी वेगळं शुल्क सांगितलं आणि मुदत मोघम ठेवली.

मग करारनामा शोधून काढला. त्यात ‘डेटा संस्थेच्या मालकीचा’ असं सरळ वाक्य होतं. डेटाबेसही आमच्याच सर्व्हरवर एक साधा एसक्यूएल डेटाबेस म्हणून पडलेला होता. करारातलं ते कलम जोडून पत्र दिल्यावर फक्त वाचण्यापुरता प्रवेश मिळाला आणि सगळी टेबलं सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकूर फाइलींत, उतरवली. नवीन सॉफ्टवेअर कुठलं, ही चर्चा करण्याआधी जुन्याचा करारनामा वाचा. आमचा पंधरवडा केवळ पत्रव्यवहारात गेला.

टेबलं पाहिल्यावर कळलं की बाद केलेली, हरवलेली आणि बांधणीला गेलेली पुस्तकं ओळखायला वेगळा रकानाच नाही. सगळं ‘शेरा’ या मोकळ्या रकान्यात. ‘बाद’, ‘बाद केले’, ‘रद्द’, ‘हरवले सबब रक्कम वसूल’, असे नाना प्रकार. ग्रंथपाल मॅडमनी दाखल नोंदवह्या काढून ठेवल्या आहेत. संशय आला की वही खरी, संगणक खोटा, असा नियम त्यांनी घालून दिलाय.

1 एप्रिल

काम थांबलंच होतं. लिनक्सवर फाइली आवळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड युटिल्सच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा (सर्व्हरमध्ये गुपचूप शिरता येईल असा कोड) सापडल्याची बातमी 29 मार्चला आली आणि आज समितीतून फोन: ‘सर, कोणीही बदल करू शकतं म्हणजे हे असंच होणार ना?’

तपासून उत्तर दिलं. आपल्या डेबियन 12 मध्ये एक्सझेडची 5.4.1 आवृत्ती आहे, तिला धोका नाही. डेबियनच्या चाचणी आणि अस्थिर शाखांत तो कोड पोचला होता, स्थिर शाखेत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यांनी मूळ शोधलं आणि ते जाहीर केलं. कोड उघडा होता म्हणून ते शोधू शकले, हे खरं. पण तो चोरदरवाजा घुसला तो थकलेल्या, एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास दीर्घकाळ कमावून, हेही तितकंच खरं, आणि तेही लिहून दिलं. निर्णय: सर्व्हरवर फक्त स्थिर शाखा, सुरक्षा दुरुस्त्या आपोआप, बाकी काही आपोआप नाही.

12 एप्रिल

ही नोंद लांबणार. मराठी नोंदी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला संकेतांक. फाँट लावला की पडद्यावर मराठी दिसतं, काढला की रोमन अक्षरांचा चिवडा.

रूपांतराचा तक्ता करणं सोपं वाटलं: या चिन्हाच्या जागी ते अक्षर. अडचण क्रमाची आहे. जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी जुन्यात व्यंजनाच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. स्क्रिप्टने ती एक अक्षर पुढे सरकवली. ‘किनारा’ नीट आला. ‘स्थिती’ मात्र मोडली, कारण वेलांटी सबंध जोडाक्षराच्या पलीकडे जायला हवी होती आणि ती ‘स्’ नंतरच थांबली.

रफार याच्या उलट. जुन्यात तो अक्षर, काना, सगळं झाल्यावर येतो. जिथे आहे तिथेच ‘र्’ घातला की ‘धर्माचे’चं ‘धमार्चे’ होतं. मराठी ओसीआर (छापील पानाच्या चित्रातून मजकूर काढणं) किंवा जुन्या दस्तऐवजांवर काम केलेल्यांना हा शब्द ओळखीचा असेल. रफार मागे नेताना मात्रा, अनुस्वार आणि असेल तर जोडाक्षर, हे सगळं ओलांडून न्यावा लागतो. रूपांतराचा नियम अक्षरागणिक न लिहिता सबंध अक्षरगटासाठी लिहिला तेव्हा हे सुटलं.

त्यानंतर जे निघालं ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं. ‘तिसऱ्या’ शोधलं तर निम्मीच पुस्तकं येत होती. पडद्यावर दोन्हीकडे शब्द सारखा. आतले संकेतांक पाहिले तेव्हा कळलं: काही नोंदींत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, काहींत साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक. तीच गत ‘ॲरिस्टॉटल’ची. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्याआधीची सवय असलेले लोक अ ला वरून चंद्र लावतात. युनिकोडचं प्रमाणित सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची ठरलेली पद्धत) यातलं काहीच एक करत नाही, ते नियम आपल्यालाच लिहावे लागतात. नोंदींत आम्ही ‘ऱ’ आणि ‘ॲ’ ही रूपं पक्की केली. वाचक मात्र आपापल्या कळफलकावर जे येतं तेच टाइप करणार, त्यामुळे शोधाच्या बाजूलाही काहीतरी करावं लागेल. ते पुढे.

24 एप्रिल

जुन्या प्रणालीत प्रत्येक प्रत ही वेगळी नोंद होती. एका पाठ्यपुस्तकाच्या 12 प्रती म्हणजे 12 पुस्तकं. कोहात ग्रंथाची नोंद एक आणि तिच्याखाली प्रती. म्हणजे एकत्रीकरण आलं.

आयएसबीएन या पुस्तकावरच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून जुळवू म्हटलं, तर 1970 पूर्वीच्या पुस्तकांना तो नाहीच. 1 जानेवारी 2007 पासून तो दहाचा तेरा अंकी झाला, त्यामुळे एकाच पुस्तकाचे दोन क्रमांक. वर संचाच्या सगळ्या खंडांना एकच क्रमांक टाकून ठेवलेला. क्रमांकाचा उपयोग फक्त संशयित जोड्या काढायला केला. बाकी ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या साधनात शीर्षक, लेखक, आवृत्ती या तिन्हींवरून गट पाडले आणि प्रत्येक गट माणसाने पाहिला. ‘आवृत्ती दुसरी’ आणि ‘आवृत्ती 2 री’ एक. ‘भाग 1’ आणि ‘भाग 2’ कदापि एक नाहीत. मशीनला दोन्ही सारखीच जवळची वाटतात. मॅडम आणि त्यांच्या दोन सहायकांनी यावर दुपारच्या दुपारी घातल्या. बैठकीत खोडली गेली नाही, पण ज्या ओळीला कोणी आकडाही लावला नाही, ती ओळ म्हणजे या दुपारी.

बारकोडचे दोन घोळ. सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये नुसती डबल क्लिक करून उघडली की ‘000412’ चं ‘412’ होतं, आणि जतन केलं की सुरुवातीची शून्यं कायमची गेली. लिबरऑफिस कॅल्क फाइल उघडताना रकान्याचा प्रकार विचारतं, तिथे ‘मजकूर’ निवडायचं. नियम केला: मूळ सीएसव्ही फक्त वाचण्यासाठी, बदल तिच्या प्रतीवर.

दुसरा घोळ जुना आहे. खरेदी आणि भेट यांच्या दाखल नोंदवह्या वेगळ्या, आणि दोन्ही एकपासून सुरू. म्हणजे 412 क्रमांकाची दोन पुस्तकं. कोहाला बारकोड एकमेव लागतो, दुसऱ्या प्रतीला तो घेतच नाही. भेट पुस्तकांना पुढे अक्षर जोडायचं ठरलं. मॅडमना ‘भे’ हवं होतं, पण आमच्या बारकोडच्या प्रकारात, कोड 39 मध्ये, रोमन मोठी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हंच बसतात. रोमन ‘जी’वर तडजोड झाली. त्या पुस्तकांवर नवी लेबलं लावावी लागणार.

8 मे

आयात. मार्क साच्यातली नोंदींची फाइल मी स्वतःच्या स्क्रिप्टने बनवली होती आणि इंग्रजी पुस्तकं विनातक्रार गेली. मराठीची पहिली नोंद आली तशी आयात कोलमडली.

मार्कच्या प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला तिची लांबी असते, आणि पुढे कुठलं क्षेत्र कुठे सुरू होतं याची सूची. ही मोजणी बाइटची. स्क्रिप्ट अक्षरं मोजत होती. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे चूक लपून राहिली. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून सगळे पत्ते चुकले. स्वतःची मोजणी टाकून दिली आणि मार्कएक्सएमएल, म्हणजे त्याच नोंदींचं एक्सएमएल रूप, बनवलं. त्यात लांबीची भानगडच नाही.

पण त्याआधी, बाइट दुरुस्त करून पाहिलेल्या फेरीत नोंदी आत गेल्या आणि मराठी शीर्षकांच्या जागी चिन्हांची रांग दिसली. लीडरमधलं (नोंदीच्या सुरुवातीच्या ठरावीक भागातलं) 09 हे स्थान, मोजणी शून्यापासून, रिकामं होतं. रिकामं म्हणजे जुनी मार्क-8 लिपी, आणि रोमन लहान ‘ए’ म्हणजे युनिकोड. जागा रिकामी पाहून रूपांतर झालं आणि चांगल्या अक्षरांची माती झाली. मार्कएक्सएमएलमध्येही हे स्थान भरून घ्या. आयात करताना आधी 50 नोंदी, त्यात मुद्दाम जोडाक्षरांची, लांब शीर्षकांची, बिनलेखकाची पुस्तकं. सगळं बरोबर दिसलं तरच पुढे.

प्रतीची माहिती 952 क्षेत्रात जाते: ‘पी’ उपक्षेत्रात बारकोड, ‘ओ’ मध्ये वर्गांक, ‘वाय’ मध्ये प्रतीचा प्रकार. ‘ए’ आणि ‘बी’ मध्ये ग्रंथालयाचा संकेत, आणि तो कोहात आधी तयार केलेल्या संकेताशी अक्षरशः जुळला पाहिजे, लहान-मोठं अक्षरसुद्धा.

नोंदी दिसायला लागल्या, शोधल्यावर सापडेनात. झेब्रा ही कोहाची शोधयंत्रणा मूळ मांडणीत लॅटिन लिपीच्या तक्त्यावर चालते. देवनागरीसाठी तिला आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या कोडसंचावर न्यावं लागतं: झेब्राच्या मांडणीफाइलीत अक्षरतक्त्याची ओळ काढून आयसीयूची ओळ घालायची आणि संपूर्ण अनुक्रमणिका नव्याने बांधायची. त्याच आयसीयू नियमफाइलीत ‘ऱ’ आणि ‘ॲ’ यांच्या पर्यायी रूपांसाठी बदल-नियम घातले. हे नियम साठवलेल्या शब्दाला आणि वाचकाने टाइप केलेल्या शब्दाला, दोघांनाही लागतात, त्यामुळे कुठल्याही कळफलकावरून ‘तिसऱ्या’ आता सगळी पुस्तकं देतं. मॅडमनी स्वतः वीसेक शब्द शोधून पाहिले, मगच ‘हं’ म्हणाल्या.

21 मे

देवघेवीचे नियम. कोहात नियमच नसेल तर पुस्तक जात नाही, ही मुळात चांगली गोष्ट. वाचकगट आणि प्रतीचा प्रकार यांचं कोष्टक मॅडमकडे मागितलं तर लेखी नियमावली आणि काउंटरवरची वहिवाट यात तफावत निघाली. संदर्भग्रंथ नियमाने बाहेर जात नाहीत, प्रत्यक्षात प्राध्यापकांना रात्रीपुरते जातात. संगणकात ‘रात्रीपुरते’ हा नियम घातला. वहिवाट दडवून लेखी नियम घातले असते तर काउंटर पहिल्याच दिवशी अडला असता.

दिनदर्शिकेत सुट्ट्या भरल्या, पण तेवढं पुरत नाही. दंड मोजताना सुट्ट्या वगळायच्या आणि परतीची तारीख सुट्टीवर आली तर पुढच्या कामाच्या दिवशी ढकलायची, या दोन वेगळ्या निवडी आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे चालू कराव्या लागतात.

10 जून

आज काउंटर कोहावर. सुट्टीआधी सगळी पुस्तकं परत मागवली होती, बहुतेक आली. जी वाचकांकडे होती ती परतीची तारीख हाताने घालून चढवली; त्यासाठीची निवड चालू करावी लागते आणि काम झाल्यावर आठवणीने बंद करावी लागते.

जुनी प्रणाली बंद केलेली नाही, फक्त वाचण्यापुरती ठेवली आहे. दोन्हीकडे नोंद करायची सूचना आली होती, ती मॅडमनी फेटाळली. ‘दोन वह्या ठेवल्या की दोन्ही खोट्या होतात.’

14 जून

थोडक्यात वाचलो. कोहाने मुदत उलटलेल्या पुस्तकांच्या सूचना तयार करून रांगेत लावल्या, आणि त्यात हाताने चढवलेली जुनी देवघेव सगळी आली. पुस्तक प्राध्यापकांकडे मंजुरीने असलं तरी ‘मुदत उलटली, दंड लागू’. पत्रं गेली नाहीत ती इन्स्टन्सचा ईमेल मुद्दाम बंद ठेवला होता म्हणून. संदेशांची रांग उघडून पाहिली, नको ते काढलं, तारखा सुधारल्या, मग ईमेल चालू केला. नवीन प्रणालीचा ईमेल रांग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुरू करू नये.

काउंटरवरच्या मावशींची तक्रार वेगळी होती: ‘स्कॅन केलं की पान उडतं.’ स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने कळफलकच, आणि क्रमांकानंतर तो स्वतःच एंटर दाबतो. कर्सर भलत्या चौकटीत असेल तर तीच चौकट पाठवली जाते. यावर उपाय तांत्रिक नाही, सवयीचा आहे. ‘आधी चौकटीत टिचकी, मग स्कॅन’ असा कागद पडद्याच्या कडेला चिकटवलाय.

2 जुलै

बॅकअप. पॅकेजसोबत रोज चालणारी बॅकअप स्क्रिप्ट येते, म्हणून निर्धास्त होतो. नीट पाहिलं तर ती मुळात दोनच दिवसांच्या प्रती ठेवते, आणि त्याही त्याच डिस्कवर. शुक्रवारी काही बिघडलं आणि सोमवारी लक्षात आलं, तर चांगली प्रत गेलेली. आता रोजची प्रत दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर जाते आणि तिथे महिनाभर राहते.

दुसऱ्या यंत्रावर पुनर्स्थापना करून पाहिली. सगळं उभं राहिलं, फक्त मराठी शोध मेला. बॅकअपमध्ये इन्स्टन्सच्या फाइली असतात. आयसीयूचे बदल मात्र झेब्राच्या सामाईक मांडणीत, म्हणजे बॅकअपच्या बाहेर. त्या फाइली आता वेगळ्या गिट भांडारात (फाइलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात) आहेत, प्रत्येक बदलाचं कारण सोबत लिहून.

6 ऑगस्ट

कार्यालयात लिबरऑफिस. यावर फार लिहिण्यासारखं नाही. पाच यंत्रांवर सुरू केलं. पहिली ओरड पानं सरकण्याची. कॅलिब्री फाँट नसला की दुसरा फाँट येतो आणि ओळी बदलतात. त्याच मापाचा कार्लिटो आणि कँब्रियासाठी कॅलाडिया बसवले, इंग्रजी पत्रं जागेवर आली. मराठी पत्रांचे नमुने नव्याने करावे लागले, कारण देवनागरी फाँट बदलला की ओळींमधलं अंतर बदलतं.

लेखा विभागाची मॅक्रो असलेली वर्कबुकं हलवली नाहीत. ती लिहिणारी व्यक्ती निवृत्त झाली आहे आणि आतला हिशेब कोणाला ठाऊक नाही. ती यंत्रं आहेत तशीच राहतील. शंभर टक्के बदललं असं अहवालात लिहिण्याच्या हौसेपायी पगार अडकवण्यात अर्थ नाही.

19 सप्टेंबर

मूडलवर चाचणी परीक्षा, तीनेकशे विद्यार्थी, सगळ्यांना एकाच मिनिटाला सुरुवात. पान उघडेना. प्रोसेसर निवांत, मेमरी शिल्लक, डेटाबेस शांत. मूडलची पानं तयार करणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या नोंदीत उत्तर होतं: एका वेळच्या प्रक्रियांची कमाल मर्यादा पाच, आणि ती गाठली गेली आहे. डेबियनमध्ये ही मूळची मर्यादा आहे. म्हणजे सर्व्हर कितीही दांडगा असो, दारात पाचच माणसं उभी राहणार.

परीक्षा तासभर पुढे ढकलली. एका प्रक्रियेला सरासरी किती मेमरी लागते ते मोजलं, डेटाबेससाठी जागा सोडली, उरलेल्याला भागलं, 40 आले. लॉगिन सत्रांची माहिती रेडिस या मेमरीत चालणाऱ्या साठ्यात नेली. गटागटाने दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुरुवात ठेवली. मूडल उत्तरं मुळात दर मिनिटाला आपोआप जतन करतं, त्यामुळे भार फक्त सुरुवातीला नसून परीक्षाभर असतो, हेही गणितात धरा. मूडलचं क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) दर मिनिटाला चालतंय ना, तेही पाहा. ते बंद असेल तर वेळ संपलेल्या उत्तरपत्रिका आपोआप जमा होत नाहीत.

7 ऑक्टोबर

मी आजारी होतो आणि त्याच काळात कोहाची डिस्क लॉगफाइलींनी भरली. मॅडमनी फोनवर विचारत विचारत जागा मोकळी केली. त्यानंतरच्या बैठकीत मदतीच्या कराराची ओळ पुन्हा मांडली, या वेळी चर्चेविना मंजूर. करारात तीन गोष्टी मागून घेतल्या: सगळे बदल आमच्या गिट भांडारात, सर्व्हरचा सर्वाधिकार देणारा रूट पासवर्ड आमच्याकडे, आणि करार संपला तरी प्रणाली जशी आहे तशी चालू.

कामाची पुस्तिका लिहिली होती, पण ती मलाच समजणारी होती. प्रयोगशाळेतल्या सहायकाला समोर बसवून तिच्यावरून बॅकअप पुनर्स्थापित करायला सांगितलं आणि मी तोंड बंद ठेवलं. तो जिथे जिथे थांबला तिथे तिथे पुस्तिका बदलली. ‘नेहमीप्रमाणे सेवा पुन्हा सुरू करावी’ या वाक्यावर तो सगळ्यात जास्त वेळ अडला होता.

10 डिसेंबर

कोहाच्या मोठ्या आवृत्त्या दर मे आणि नोव्हेंबरात येतात, वर्ष आणि महिना हेच नाव. नोव्हेंबरअखेर 24.11 आली. चाचणी यंत्रावर पॅकेजचा स्रोत ‘स्थिर’ असा ठेवला होता, त्यामुळे नेहमीच्या अद्ययावतीकरणात तेच 24.11 वर गेलं. मुख्य सर्व्हरवर स्रोत 23.11 असा आवृत्तीच्या नावानेच बांधून ठेवला आहे, म्हणून सत्राच्या मध्यावर काउंटर हललं नाही. ‘स्थिर’ म्हणजे ‘सध्याची स्थिर’, कालची नव्हे.

चाचणी यंत्रावर काय मोडलं ते टिपून ठेवतोय. अद्ययावत करताना झेब्राच्या मांडणीफाइलींबद्दल विचारणा झाली: तुमची ठेवू की नवीन घेऊ? सहायकाने ‘नवीन’ निवडलं आणि मराठी शोध पुन्हा मेला. गिटमधून फाइली आणल्या, अनुक्रमणिका बांधली, जिवंत झाला. पुस्तिकेत त्या प्रश्नाचं उत्तर आता ठळक अक्षरात आहे. साठवलेल्या एसक्यूएल अहवालांपैकी काही चालत नाहीत. मॅडमना वार्षिक अहवालासाठी लागणारे वर्गवार खरेदी आणि बाद पुस्तकांचे अहवाल आधी दुरुस्त करायचे, बाकीचे कोणी मागेल तेव्हा.

मुख्य सर्व्हर सत्र संपल्यावर 23.11 वरून थेट 24.11 वर जाईल. मधली आवृत्ती वेगळी बसवावी लागत नाही, डेटाबेसचे बदल क्रमाने लागू होतात. भेट पुस्तकांच्या लेबलांची दोन कपाटं अजून शिल्लक आहेत. ती आधी उरकायची, कारण अद्ययावत झाल्यावर लगेच साठा पडताळणी आहे.